अक्काच्या हातातली पाटी

लग्नाच्या हॉलवर आम्ही दोघी बहिणी सगळ्यांच्या आधी पोचायचो. मागे आचाऱ्यांच्या भट्ट्या पेटलेल्या असायच्या, खुर्च्यांना कापडं चढवायचं काम चाललेलं असायचं आणि स्टेजवर कुणीतरी शिडीला लटकून झेंडूच्या माळा बांधत असायचं. माझी अक्का स्टेजच्या पायरीशी चपला काढायची. "स्टेज म्हंजे काय देव्हारा हाय व्हय?" असं मी दर वेळी म्हणायचे आणि ती दर वेळी काढायचीच. मग नवरी जिथे उभी राहणार त्या जागी जाऊन उभी राहायची, पिशवीतून वहीएवढं एक राखाडी कार्ड काढायची आणि हनुवटीखाली धरायची. मी एक फोटो घ्यायचे. मी "झालं" म्हणेपर्यंत ती हात खाली घेत नसे. कधी मी मधेच मांडववाल्याशी बोलत बसायचे, तरी ही बाई आपली कार्ड धरून उभीच. "झालं" म्हटलं की उतरायची, चपला घालायची आणि सुईदोरा घेऊन नवरीच्या खोलीत ब्लाउजचे हूक बघायला निघून जायची.

मी लग्नाचे फोटो काढते. घर वडूजला, पण काम मिळेल तिथे, साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत आणि खाली सांगली-मिरजेपर्यंत. बाईमाणूस फोटोग्राफर म्हणून सुरुवातीला लोक मला बघायचे आणि मग माझ्यामागे खरा फोटोग्राफर कुठे आहे ते बघायचे. माझ्यामागे अक्का असायची.

कार्डाचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कॅमेऱ्याला अक्कल बेताची असते. समोर जे दिसतं ते सगळं मिळून मध्यम उजेडाचं असावं आणि कुठल्याच एका रंगाकडे झुकलेलं नसावं, एवढंच त्याला ठाऊक असतं. त्यामुळे नवरी पांढऱ्या साडीत आली की तो सगळं काळवंडून टाकतो आणि नवरा काळ्या कोटात आला की सगळं पांढरंफटक करतो. गुलाबी मांडवाखाली वऱ्हाड गुलाबी, निळ्या एलईडीखाली भटजी निळे. राखाडी कार्ड मात्र उजळ नसतं, गडद नसतं आणि त्याला स्वतःचा रंगही नसतो. चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडातच ते धरलं, तर कॅमेऱ्याला सांगता येतं की बाबा, हे मध्यम आणि हे बिनरंगाचं, आता बाकीचं ह्यावरून ठरव. नंतर कॉम्प्युटरवर त्या राखाडीवर क्लिक केलं की मांडवाचा, दिव्यांचा, सगळा उपरा रंग निघून जातो. माणसाचा तेवढा राहतो.

हे मला कुणी शिकवलं नाही, फजितीनं शिकवलं. माझं पहिलंच काम आटपाडीकडच्या एका वस्तीवर, हळदीचं. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, पिवळा झेंडू आणि वर परातभर हळद. कॅमेरा मी त्याच्या मर्जीवर सोडलेला. त्याला वाटलं एवढं पिवळं म्हणजे काहीतरी चुकलंय, आणि त्यानं इमानेइतबारे पिवळं काढून टाकलं. अल्बम बघून नवरीची आत्या म्हणाली, "हळद लावलीया का चुना?" आख्खं घर हसलं. मी घरी येऊन रडले आणि अक्का मशीनवर ब्लाउज शिवता शिवता हसली. पण पुढच्या कामाला मी कार्ड आणलं तेव्हा ते धरायला तीच आली. पहिले काही दिवस लोक त्याला पाटी म्हणायचे, मग आम्हीही पाटीच म्हणायला लागलो.

अक्का माझ्यापेक्षा बरीच मोठी. वडील आम्ही लहान असताना गेले. तिनं शिवणकाम शिकून घर धरलं, मला शिकवलं, माझा पहिला कॅमेरा तिच्याच मशीनवर आला. वडूजच्या निम्म्या बायका तिच्या हातचं झंपर घालायच्या. ती काळी होती. सावळी, गव्हाळ, उजळ सावळी असले शब्द मला चालत नाहीत, ते शब्द लग्न जुळवणाऱ्यांनी काढलेत. नवी चिंच असते तशी ती तांबूस काळी होती, आणि उन्हातून आली की कपाळावर एक चकाकी यायची, ती मला लहानपणापासून फार आवडायची.

आईला ते आवडत नव्हतं असं नाही, आईला भीती वाटायची. तिनं स्थळांसाठी म्हणून अक्काचा एक फोटो सांगलीच्या एका स्टुडिओतून काढून आणला होता. आपल्याकडे स्टुडिओत कुणी काळं राहत नाही. पुढे मीही अशाच एका दुकानात काउंटरवर बसले, तिथे पासपोर्टच्या फोटोलासुद्धा न विचारता माणूस उजळून द्यायचे, जसं चहात न विचारता साखर घालतात. तर त्या फोटोत अक्का दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. नाकावर सावली नाही, डोळ्यांखाली काही नाही. आई तो फोटो पदराखाली धरून घरी आली आणि म्हणाली, "बगा, कशी हाय माझी लेक!" अक्कानं फोटो हातात घेऊन पाहिला. म्हणाली, "चांगली हाय. कोन हाय?"

एकदा कऱ्हाडकडचे पाहुणे आले. बैठक भरली. अक्का पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना बशा दिल्या, खाली बघून उभी राहिली. मुलाच्या मावशीनं पोह्यांचा घास घेतला, हातातल्या फोटोकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "आता मुलीला बोलवा की बाहेर." अक्काच म्हणाली, "मीच हाय. अजून पोहे घ्या." ते उठून गेल्यावर मी त्या बाईला इतक्या शिव्या घातल्या की आईनं मला गप्प करायला ट्रे आपटला. अक्का बशा घासत होती. तिनं त्यानंतर कुठल्याच पाहुण्यांसमोर जायला नकार दिला, आणि आईचं तिच्यापुढे कधी काही चाललं नाही. फोटो तेवढा आईनं चौकटीत घालून कपाटावर ठेवला. तो तिथे बसून आमच्याकडे बघायचा, कुण्या दूरच्या श्रीमंत आतेबहिणीसारखा.

कार्ड आणल्यावरचं पहिलं काम वडूजलाच होतं. अक्का उभी राहिली, मी फोटो घेतला, घरी येऊन राखाडीवर क्लिक केलं आणि मांडवाचा केशरी रंग उतरत गेला. खाली अक्का निघाली. तिच्याच रंगाची. कपाळावरची चकाकीसुद्धा तशीच. मी तिला हाक मारली. ती कात्री हातात घेऊनच आली आणि वाकून बघायला लागली. मग स्क्रीनशेजारी स्वतःचा हात धरला, मनगट उलटंपालटं करून पाहिलं.

"ही मीच हाय," ती म्हणाली.

"मग कोन असनार?"

"न्हाई गं. आजवर एका बी फोटूत मी नव्हते." मग म्हणाली, "हे बग, मी मेल्यावर ह्योच फोटू लावायचा. आईचा त्यो गोरा लावलास तर भूत होऊन येईन आणि तुजे सगळे फोटू हलवीन."

मी म्हटलं, "पाटीसकट लावू?"

"पाटीसकट लाव. नाय तर लोकांस्नी कसं कळंल, रंग बरोबर हाय ते?"

दोघी हसलो. आई आतून ओरडली की भरल्या घरात मरणाचं काय बोलता.

त्यानंतर कितीतरी हंगाम अक्का नवरीच्या जागी उभी राहिली. सांगलीच्या एसी हॉलमध्ये, माणदेशातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, शाळेच्या मैदानावर घातलेल्या मांडवात. महाबळेश्वरला लग्नाआधीचं शूटिंग असलं की तीही यायची. तिथल्या धुक्यात सगळं निळसर दिसतं, नवरानवरी गारठून एकमेकांना बिलगतात आणि लोकांना ते प्रेम वाटतं. अक्का स्वेटरवर पदर घेऊन, कार्ड धरून दरीकडे पाठ करून उभी राहायची आणि म्हणायची, "लवकर घे, माझं दात वाजाय लागलं." येताना स्ट्रॉबेरीचा पुडा मांडीवर घेऊन एसटीत झोपायची.

एका लग्नात नवऱ्याच्या काकूनं हरकत घेतली. नवरीच्या जागी आधी दुसरी बाई कशाला, तीही बिनलग्नाची. अक्का खाली उतरली. मी त्या काकूंना तोंडावर सांगितलं की मग तुमच्या सुनेचे फोटो हिरवे आले तर बोलू नका. आटपाडीचे एक मुसलमान मांडववाले होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते शिडीवरून म्हणाले, "आवं काकू, ही अक्का उभी ऱ्हायल्याबिगर माजा मांडव सुदा पुरा होत न्हाई." काकू फणकारून गेल्या. अक्का पुन्हा चढली, आधी चपला काढून. ती तिथे उभी राहून काय विचार करते हे मी तिला कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पण माझ्याकडे फोटो आहेत, आणि त्यांत ती कुठेच दुःखी दिसत नाही. थोडी कंटाळलेली दिसते, कधी हसू दाबल्यासारखी. ते बघून मला जास्तच भरून येतं.

उन्हाळ्याच्या हंगामात एकदा लागोपाठ कामं होती. दुपारी अक्का मशीनवर आणि मी तिच्याच खोलीत कॉम्प्युटरवर, असं आमचं चाललं होतं. मी आदल्या दिवसाचं लग्न उघडलं. मांडव पिवळा होता, त्यामुळे पाटीच्या फोटोत सगळंच पिवळं. मी राखाडीवर क्लिक केलं. मागचं कापड होतं तसं झालं, माळा होत्या तशा झाल्या, पाटी राखाडी झाली. अक्का पिवळीच राहिली. मला वाटलं क्लिक चुकीच्या जागी पडलं. पुन्हा केलं. पाटीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर केलं. मग फोटो मोठा केला आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला.

पाटी बरोबर होती.

मी उठून तिला मशीनवरून उठवलं, दारात उजेडाला नेलं आणि तिची खालची पापणी ओढली. "आगं, काय म्हशीचा डोळा बगतीस व्हय," ती म्हणाली. बाहेरच्या लख्ख उन्हात तिचे डोळे हळदीचे होते. रोज एका ताटात जेवत होतो आम्ही. तिच्या काळ्या कातडीवर ते आम्हाला दिसलंच नव्हतं.

आई म्हणाली, "कावीळ हाय. माळ घालू." आमच्याकडे कावीळ उतरवायला डोक्यावर औषधी काड्यांची एक माळ ठेवतात. कावीळ उतरते तशी ती लांबत लांबत पोटापर्यंत येते, असं म्हणतात. शेजारच्या गावात एक म्हातारा ती द्यायचा. मी म्हटलं, माळ घाल, नाही तर तोरण बांध, पण उद्या सकाळी आम्ही मिरजेला जातोय. मिरजेला दवाखान्यांची काय कमी. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, पिवळेपणा कधीपासून आहे? आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो. मग मी फोन काढला आणि त्या हंगामातले पाटीचे सगळे फोटो, राखाडीवर क्लिक केलेले, एकामागून एक त्यांच्यासमोर सरकवले. हंगामाच्या सुरुवातीची अक्का, मग त्यानंतरची, मग त्यानंतरची. डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. "रंगानं काळ्या माणसाची कावीळ घरच्यांना उशिरा कळते," ते म्हणाले. "तुम्हाला निदान कळली तरी." पाटीनं सांगितलं, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ होती, आणि ती फार पुढे गेली होती. पित्ताची वाट मोकळी करायला आत एक नळी बसवली. पिवळेपणा उतरला. आई म्हणाली माळेनं उतरला, आणि कुणीच तिच्याशी वाद घातला नाही. अक्काला मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सगळं सांगितलं, कारण तिच्याशी मला कधी खोटं बोलता आलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनि तुजा दिवाळीनंतरचा हंगाम?" मी तिच्यावर ओरडले. लोक बघायला लागले. मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि तिनं माझ्या केसातली पिन काढून नीट लावली.

दिवाळीनंतर पिवळेपणा परत आला. अंगातलं बळ गेलं, मशीन बंद झाली. लोकांचे ब्लाउज पिशव्यांमधून भिंतीशी पडून राहिले. सांगलीला एक हळदीचं काम होतं आणि ती येणार म्हणून हटून बसली. आई नको म्हणाली, मी नको म्हणाले. शेवटी गाडी करून नेलं. हॉलमध्ये तिनं सवयीनं पायरीशी चपला काढल्या, पण वर चढेना. मी आणि चाचा, दोघांनी धरून चढवलं. उभं राहवेना, म्हणून चाचांनी नवरीची खुर्ची पुढे ओढली. मी घाबरून इकडेतिकडे पाहिलं, कुणी काकू येते का. चाचा म्हणाले, "बसू द्या. कोन बोलतंय बगतो मी."

अक्का नवरीच्या खुर्चीत बसली. पाटी हनुवटीखाली धरली. मागे झेंडू, वर पिवळं कापड. मी फोटो घेतला आणि तिनं खूण केली, दाखव. मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिनं निरखून पाहिलं आणि हसली.

"बग की," ती म्हणाली, "लागली गं बाई मला हळद."

चाचा पाठ करून उगाच एक गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. अक्काचे हात अजून वरच होते. "झालं का?" तिनं विचारलं. "झालं," मी म्हटलं. त्या दिवशीच्या फोटोंचा रंग मी तिच्या पाटीवरूनच लावला. नवरी सुरेख आली.

थंडी सरायच्या आधी अक्का गेली. घरीच, सकाळी, आई तिला चहा पाजत असताना.

आई रडली नाही. तिनं सगळं केलं, आल्यागेल्याला पाणी दिलं, कुणाला कुठे बसवायचं ते सांगितलं, पण डोळ्यांतून टिपूस नाही. मामी मला बाजूला घेऊन म्हणाली की तिला रडवायला पाहिजे, हे बरं नव्हं. बायका गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या आणि आई त्यांच्या पाठीवर थोपटायची. भिंतीवर कुठला फोटो लावायचा हे मी विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कपाटावरला हाय की." अक्काची ती भुताची धमकी मला आठवत होती, पण त्या आईशी त्या दिवसांत मला भांडवलं नाही.

अक्काच्या बचत गटाच्या बायकांनी स्टँडजवळच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. प्रेमानं लावला. फोटो त्यांनी आईकडूनच मागून नेला, तो कपाटावरचा. आपल्याकडे वाढदिवस असो, निवडणूक असो की मरण, फ्लेक्स लागतोच, आणि फ्लेक्सवाला प्रत्येक तोंड आणखी एक हात उजळतो, त्याच्या मते ती सेवाच असते. आधीच दुधात बुडवलेली अक्का त्यानं आता सायीसकट काढली. ओठ गुलाबी केले. मी पाहिलं आणि मान फिरवून घरी आले.

दहाव्याला आम्ही येरळेच्या काठावर गेलो. आता बायकाही जातात. परतताना चालत चौकातून आलो. आई घराबाहेर पडण्याची ती पहिलीच वेळ. आईला सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर चांगली आहे. ती फ्लेक्ससमोर थांबली, वर बघितलं, कळवळून च्यक् च्यक् केलं आणि मला म्हणाली, "तरणी बाई दिसती गं. कुणाची लेक गेली?"

मला पोह्यांचा ट्रे आठवला. मी आईचा हात धरला आणि सांगितलं. आई पुन्हा वर बघायला लागली. बरोबरचे पाहुणे पुढे जाऊन थांबले होते. मग ती तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसली.

"काडाय लाव त्यो," ती म्हणाली. "माझी लेक न्हाई ती. मीच करून आनली हुती ती. माझ्या लेकीला लाव तितं."

मी त्याच संध्याकाळी अक्कानं निवडलेला तो पहिला फोटो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस, आमच्या ओळखीचा. म्हणाला, "ताई, लय डार्क येईल ह्यो. उन्हात दिसनार न्हाई. जरा उजळू?" मी नको म्हटलं. "मग ही पाटी तरी काडतो हातातली. पोलीस धराय लावत्यात तशी दिसती." मी त्याला सांगितलं, पाटी राहू द्या, आणि त्या राखाडीवर क्लिक करा. त्यानं केलं. छापून निघालेल्या पहिल्या तुकड्याशेजारी मी घरून आणलेली खरी पाटी धरली. छापलेली जरा लालसर आली होती. त्यानं कुरकुर न करता शाई कमीजास्त केली, पुन्हा छापली, पुन्हा बघितली. दोन्ही राखाडी एकसारख्या होईपर्यंत आम्ही दोघं त्या मशीनपाशी उभे होतो. मग त्यानं पूर्ण फ्लेक्स काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जुना उतरवून नवा बांधत होती. आई म्हणाली मी येते. त्या फ्लेक्सच्या खालीच खेड्यातून एसटीनं येणारी एक म्हातारी मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. अक्का कायम तिच्याकडूनच भाजी घ्यायची आणि तिचं झंपर शिवून द्यायची. आम्हाला वाटलेलं, हिला कळलंच असणार. फ्लेक्स तर तिच्या डोक्यावर लागला होता. तिनं आम्हाला बघून मेथीची एक पेंडी पुढे केली आणि म्हणाली, "अक्का दिसली न्हाई लय दिसांत. माझं झंपर हाय तिच्याकडं. बरी हाय न्हवं?"

आईनं वर बोट केलं.

म्हातारीनं मान वर केली. कपाळावर हाताचा आडोसा धरला. दोऱ्या ओढून माणसं खाली उतरली होती आणि वर सकाळच्या उन्हात अक्का होती, नव्या चिंचेच्या रंगाची, कपाळावर तीच चकाकी, हनुवटीखाली पाटी.

"आगं बया," म्हातारी म्हणाली. "आगं, ही आपली अक्का. कवा गेली? मला कुनी सांगितलं न्हाई? ती दुसरीच कोन गोरी बाई हुती वर, मी तिच्याखाली बसून भाजी इकत हुते गं!" आणि तिनं तिथेच, मेथीच्या पेंड्यांमध्ये, मोठ्यानं गळा काढला. रिक्षावाले वळून बघायला लागले. आई तिच्याशेजारी मातीत बसली, तिच्या खांद्याला धरलं आणि म्हणाली, "माझी लेक गेली." मग आई रडली. इतक्या दिवसांचं सगळं तिनं त्या चौकात रडून घेतलं, आणि मी तिला उठवायला गेले नाही.

मी वर बघत उभी होते. अक्का पाटी धरून तशीच उभी होती. मी "झालं" म्हटल्याशिवाय ती कधी हात खाली घेत नसे, आणि मला ते म्हणवेना.